मिरची ज्या वाटेने आली, त्याच वाटेने रोगही आले

येत्या एकादशीला फराळाचे ताट पुढे आले की घास उचलण्याआधी त्याच्याकडे जरा नीट पाहा. साबुदाण्याची खिचडी, तीत शेंगदाण्याचे कूट, बटाट्याच्या फोडी आणि हिरव्या मिरचीचे तुकडे. शेजारी उकडलेले रताळे आणि राजगिऱ्याचा लाडू. घरातील वडीलधाऱ्या बायका या ताटाचे सोवळे किती कसोशीने सांभाळतात! कांदा नको, लसूण नको, रोजच्या धान्याचा हातसुद्धा लागायला नको.

आणि गंमत अशी, की या ताटातले हे सहाही जिन्नस मूळचे आपल्या मातीतले नाहीत. ज्या कंदापासून साबुदाणा करतात तो टॅपिओका, म्हणजेच कसावा, दक्षिण अमेरिकेतला. भुईमूग तिकडचाच. बटाटा तिथल्या अँडीज डोंगरातला. मिरची मेक्सिको आणि आसपासच्या मुलखातली. रताळे आणि राजगिराही अमेरिकेचेच. ज्ञानेश्वर माउलींच्या काळी, म्हणजे तेराव्या शतकात, पंढरीच्या वाटेवर कोणाच्याही शिदोरीत मिरचीचा ठेचा नव्हता. तिखटासाठी होते ते मिरे आणि आले. पुढे परदेशी शेंग आली, ती मिऱ्यासारखी तिखट लागली, म्हणून आपल्या लोकांनी तिला मिरची म्हटले.

मग भाकरी तरी आपली का? ज्वारी, बाजरी, नाचणी ही तिन्ही धान्ये आफ्रिकेत जन्मली आणि काही हजार वर्षांपूर्वी इकडे आली. ती इतकी रुळली, की आज त्यांना परके म्हणायला जीभ धजत नाही. तूर मात्र आपली. ती इथून आफ्रिकेत गेली. म्हणजे देवाणघेवाण एकतर्फी नव्हती.

हे सगळे आले कसे? व्यापाराच्या वाटांनी आले. गलबतांतून, बैलांच्या पाठीवरून, उंटांच्या तांड्यांतून. पण त्या वाटांनी नुसती बियाणी आणि कापडाचे गठ्ठे आले नाहीत. भाषा आली, कला आली, आणि माणसांचे, गुरांचे, पिकांचे रोगही आले. वाट एकच असते. तिच्यावरून काय येते आणि काय जाते याची नोंद ठेवणारा कोणी असला तर त्या वाटेचे कल्याण होते, नसला तर तीच वाट घात करते. ही गोष्ट जुनी असली तरी आपल्या गोठ्याशी आणि बांधाशी तिचा आजही संबंध आहे. म्हणून ती सविस्तर सांगतो.

घाटातला दगडी रांजण

जुन्नरहून कोकणात उतरायला नाणेघाट आहे. तुमच्यापैकी अनेकांनी तो पाहिला असेल. घाटमाथ्यावर एक मोठा दगडी रांजण आहे. जकातीची नाणी यात टाकीत, असे तिथले लोक सांगतात. जवळच्या लेण्यात सातवाहनांची राणी नागनिका हिचा ब्राह्मी लिपीतला लेख आहे. तो सुमारे २००० वर्षांपूर्वीचा. त्या लेखात यज्ञांची आणि दानाची मोजदाद दिली आहे, आणि ती आकड्यांत दिली आहे. भारतातील अंकांच्या अगदी जुन्या नमुन्यांत ते आकडे धरतात.

हा घाट कशासाठी होता? देशावरचा माल कल्याण आणि सोपारा या बंदरांत उतरवण्यासाठी. इसवी सनाच्या पहिल्या शतकात इजिप्तमधल्या एका ग्रीक व्यापाऱ्याने समुद्रप्रवासाची एक वही लिहिली. तिचे नाव 'पेरिप्लस'. लेखकाचे नाव कोणाला ठाऊक नाही, पण त्याच्या वहीत आपली गावे आहेत. भडोच आहे, सोपारा आहे, कल्याण आहे. पैठण आणि तगर ही दोन मोठी पेठांची गावे आहेत. तगर म्हणजे आताच्या धाराशिव जिल्ह्यातले तेर, आपल्या गोरोबाकाकांचे तेर. भडोचहून दक्षिणेकडे पैठण २० दिवसांच्या वाटेवर, आणि तिथून पूर्वेला तेर आणखी १० दिवसांच्या वाटेवर, असा हिशेब त्याने लिहिला आहे. धड रस्ते नसलेल्या मुलखातून गाड्या भरभरून माल येतो, असेही तो सांगतो. पैठणहून मौल्यवान दगड येत, तेरहून कापड येई. ते कापड ज्यांनी विणले आणि ज्यांच्या शेतात त्याचा कापूस पिकला, ती तुमच्या आमच्यासारखीच माणसे होती.

या मालाच्या बदल्यात काय येत असे? मद्य, तांबे, कथील, शिसे, पोवळी, काच आणि सोन्या-चांदीची नाणी. रोमचा लेखक प्लिनी याने तर तक्रारच केली, की हिंदुस्थान दरवर्षी आमचे ५ कोटी सेस्टर्स ओढून नेतो. सेस्टर्स हे त्यांचे नाणे.

हा सगळा व्यापार चाले तो पावसाच्या वाऱ्यावर. ज्या नैर्ऋत्य वाऱ्याची आपण मिरगापासून वाट बघतो, त्याच वाऱ्यावर शीड उभारून इजिप्तची जहाजे जुलैच्या सुमारास तिकडून निघत. हिवाळ्यात वारा उलटा फिरला की परतत. आपली पेरणी आणि त्यांचा व्यापार एकाच वाऱ्यावर अवलंबून होता, असे म्हणायला हरकत नाही.

मालाबरोबर माणसे आली, आणि माणसांबरोबर त्यांच्या आवडीनिवडी. कार्ल्याच्या लेण्यात खांबांवर दान देणाऱ्यांची नावे कोरली आहेत. त्यांत स्वतःला यवन म्हणवणारे लोक आहेत. परक्या मुलखाशी नाते सांगणाऱ्या त्या माणसांनी इथल्या बुद्धाच्या लेण्याला खांब दिले. उलट इटलीत पाँपेई नावाचे शहर इ.स. ७९ मध्ये ज्वालामुखीच्या राखेखाली गाडले गेले. तिथे १९३८ साली खोदकामात हस्तिदंताची एक भारतीय स्त्रीमूर्ती सापडली. त्याच धाटणीच्या मूर्ती आपल्या तेरला आणि जालना जिल्ह्यातल्या भोकरदनला सापडल्या आहेत. इतक्या लांब असलेल्या घरांत एकाच तऱ्हेची वस्तू!

आपले अंकही असेच गेले. शून्यासकट दहा अंकांनी हिशेब मांडण्याची आपली रीत अरबांनी उचलली. अरबांकडून ती युरोपात गेली. आज सारे जग त्याच रीतीने हिशेब करते. साखरेचेही तेच. उसाच्या रसापासून शर्करा करण्याचे ज्ञान इथून इराण आणि अरबस्तानात गेले. संस्कृतातली शर्करा अरबीत सुक्कर झाली, आणि युरोपातल्या भाषांनी ते नाव जवळपास तसेच घेतले.

देशावरची ओझी वाहणारे

समुद्राकाठी माल उतरला म्हणजे काम संपत नसे. तो गावोगाव पोचवणारे वेगळे होते. लमाण-बंजाऱ्यांचे तांडे शेकडो, कधी हजारो बैल घेऊन चालत. बैलाच्या पाठीवर दोन्ही बाजूंनी गोणी असत. समुद्राकाठचे मीठ वर येई, देशावरचे धान्य खाली जाई. दुष्काळ पडला की धान्य पोचे ते यांच्याच बैलांवरून. फौजांना रसदही हेच पुरवीत. रस्ते आणि आगगाडी येण्याआधी मुलखाचा संसार या तांड्यांनी चालवला. इतिहासाच्या पुस्तकांत राजांची नावे पानोपानी येतात. या माणसांचे ऋण मात्र फारसे कोणी लिहीत नाही.

मिरे शोधायला निघाला, मिरची हाती लागली

आता १४०० वर्षे पुढे येऊ. युरोपात मिऱ्याला फार मोल होते. मिरे मलबारात पिके, पण युरोपात पोचेपर्यंत ते अनेकांच्या हातांतून जाई. प्रत्येक हात आपला नफा काढून घेई. म्हणून सरळ हिंदुस्थानची वाट शोधायला कोलंबस निघाला. १४९२ साली तो पोचला भलतीकडेच, अमेरिकेजवळच्या बेटांवर. मिरे मिळाले नाहीत, मिरची मिळाली. पुढे १४९८ मध्ये पोर्तुगीज दर्यावर्दी वास्को द गामा आफ्रिकेला वळसा घालून कालिकतला आला. १५१० मध्ये पोर्तुगीजांनी गोवा घेतला. मग अमेरिकेतले ब्राझील, आफ्रिकेचा किनारा आणि गोवा ही एकाच धन्याच्या जहाजांची ठाणी झाली. एका ठाण्यावरची रोपे आणि बियाणी दुसऱ्या ठाण्यावर उतरू लागली.

कोणत्या वाटेने काय आले याचा पुरावा आपल्या जिभेवर आहे. बटाटा हा शब्द पोर्तुगीज. काजू, अननस, पपई, तंबाखू, कोबी हेही त्यांच्याच भाषेतून आलेले. त्यांच्या भाषेत नासपतीसारख्या एका फळाला 'पेरा' म्हणतात, त्यावरून आपण पेरू म्हणू लागलो. पाव त्यांचा, साबण त्यांचा, चावी त्यांची. बांधकामावरचे घमेले, दाराची बिजागरी, बाजारातला लिलाव, महिन्याचा पगार, हे शब्दही त्यांचेच. आंबा आपला, पण गोव्यात त्यांनी कलमे बांधण्याचे कसब वाढवले, आणि आफोन्सो या पोर्तुगीज नावावरून हापूस झाला.

ही पिके इथे टिकली का, तर ती शेतकऱ्याच्या उपयोगाची होती म्हणून. मिरे फक्त दमट, डोंगराळ मुलखात होते, आणि विकत घ्यावे तर महाग. मिरची मात्र परसात, बांधावर, जिरायतीतही येते. वाळवून ठेवली की वर्षभर पुरते. गरिबाच्या भाकरीला तिने चव दिली. भुईमुगाने हलक्या जमिनीला काम दिले, घरात तेल दिले, जनावरांना पाला आणि पेंड दिली. हे कोणा राजाच्या हुकमाने झाले नाही. शेतकऱ्याने लावून पाहिले, घरच्या बाईने शिजवून पाहिले, आणि दोघांना पटले म्हणून झाले.

तिकडे देवी गेली

इथवर गोष्ट गोड आहे. आता तिची दुसरी बाजू बघू.

ज्या जहाजांनी अमेरिकेतून मिरची आणि मका बाहेर आणला, त्याच जहाजांनी तिकडे देवीचा रोग नेला. आपल्याकडे, युरोपात आणि आफ्रिकेत देवी शेकडो वर्षे होती. ज्यांना लहानपणी आल्या आणि जे वाचले, त्यांना पुन्हा येत नसत. अमेरिकेतल्या माणसांनी हा रोग कधी पाहिलाच नव्हता. १५२० साली तो मेक्सिकोत पोचला. अॅझ्टेक लोकांचा राजा क्विट्लावाक त्यातच गेला. पुढच्याच वर्षी त्यांची राजधानी मूठभर स्पॅनिश सैनिकांच्या आणि त्यांना मिळालेल्या स्थानिक फौजांच्या हाती पडली. देवीमागून गोवर आणि इतर साथी आल्या. गावेच्या गावे ओस पडली. ज्यांच्या पूर्वजांनी हजारो वर्षे निवड करून करून मिरची, मका, बटाटा तयार केला, त्या शेतकऱ्यांची ही दशा झाली. आपल्या ताटातल्या प्रत्येक मिरचीमागे हेही आहे, हे विसरू नये.

नवा रोग इकडेही आला. सोळाव्या शतकात भावमिश्र नावाच्या वैद्याने 'भावप्रकाश' हा ग्रंथ लिहिला. त्यात आधीच्या ग्रंथांत नसलेला एक रोग आहे, 'फिरंग रोग'. आपण त्याला गरमी म्हणतो. फिरंगी लोकांबरोबर आला म्हणून वैद्यांनी नावच तसे ठेवले.

पटकी आणि प्लेग

आपणही जगाला एक भयंकर देणगी दिली. १८१७ साली बंगालमधल्या जेसोर भागात पटकीची, म्हणजे कॉलऱ्याची, मोठी साथ उसळली. जेसोर आता बांगलादेशात आहे. त्याच वर्षी नोव्हेंबरात बुंदेलखंडात लॉर्ड हेस्टिंग्जच्या फौजेचा तळ होता, त्यात ती शिरली. तेव्हा मराठ्यांशी आणि पेंढाऱ्यांशी लढाया चालू होत्या. फौजा आणि त्यांचे बाजारबुणगे मुलूखभर फिरत होते. १८१८ मध्ये पटकी दख्खनमध्ये आणि मुंबईत पोचली. तिथून जहाजांनी १८२१ मध्ये मस्कतला आणि इराणी आखातात. पुढच्या लाटेत, १८३१ साली, ती इंग्लंडात उतरली.

आपल्या गावांनी तेव्हा मरीआईला हात जोडले. तिचा गाडा वाजतगाजत शिवेबाहेर नेऊन सोडण्याची रीत अनेक गावांत होती. रोग बाहेरून येतो आणि त्याला शिवेपलीकडे घालवले पाहिजे, इतके गावाला कळले होते. पण तो येतो कशातून, हे कोणालाच कळले नव्हते. ते दाखवून दिले १८५४ मध्ये, लंडनच्या जॉन स्नो या डॉक्टरने. एका पेठेत माणसे पटापट मरत होती. त्याने घरोघर चौकशी केली आणि बहुतेकांनी एकाच पंपाचे पाणी प्यायल्याचे ताडले. पंपाचा दांडा काढायला लावला. रोग हवेत नव्हता, पाण्यात होता.

प्लेगची कथा आपल्याला अधिक जवळची. चौदाव्या शतकात मध्य आशियाच्या व्यापारी वाटांनी तो काळ्या समुद्राकाठी आला. १३४७ साली इटालियन व्यापाऱ्यांच्या जहाजांतून सिसिलीत उतरला. थोड्याच वर्षांत युरोपातल्या दर तीन माणसांमागे निदान एक मेला. तेव्हा अॅड्रिएटिक समुद्रावरच्या रागुसा या बंदराने १३७७ मध्ये एक नियम केला. साथीच्या मुलखातून येणाऱ्याने आधी महिनाभर वेगळे राहायचे, मगच शहरात पाऊल टाकायचे. पुढे ही मुदत ४० दिवसांची झाली. इटालियन भाषेत ४० ला 'क्वारांता' म्हणतात. करोनाच्या काळात २०२० साली गावागावांत जो क्वारंटाईन शब्द ऐकू आला, तो तिथला. त्या लोकांना रोगाचे कारण ठाऊक नव्हते. पण वाट बंद न करता वाटेवर थांबा ठेवता येतो, ही अक्कल त्यांनी जगाला दिली.

१८९४ साली हाँगकाँगमध्ये प्लेग होता. तिथे येर्सिन या शास्त्रज्ञाने त्याचे जंतू शोधले. १८९६ च्या सप्टेंबरात मुंबईत, मांडवी भागात डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी पहिले रोगी ओळखले. मांडवी म्हणजे गोदीजवळची, धान्याच्या वखारींची वस्ती. जिथे पोती तिथे उंदीर, आणि उंदरांच्या अंगावर पिसवा. घाबरलेले लोक आगगाडीने गावाकडे पळाले. त्यांच्या गाठोड्यांतून आणि धान्याच्या पोत्यांतून प्लेगही निघाला. उंदरांवरच्या पिसवांमुळे प्लेग पसरतो, हे १८९८ साली कराचीत सिमाँ या फ्रेंच डॉक्टरने दाखवले. पण तोवर फार उशीर झाला होता. पुढच्या २०-२५ वर्षांत देशभर एक कोटीहून अधिक माणसे गेली.

पुण्यात प्लेगच्या बंदोबस्तासाठी सैनिक घराघरांत घुसले. बायकामाणसांची अब्रू, देवघर, कशाचीच त्यांनी पर्वा ठेवली नाही. त्या संतापातून २२ जून १८९७ रोजी चाफेकर बंधूंनी रँडवर गोळी झाडली. साथ आवरताना माणसांचा विश्वास गमावला की उपायही शत्रू वाटू लागतो, हा त्यातला धडा. त्याच पुण्यात दुसरे उदाहरणही घडले. सावित्रीबाई फुले मुंढव्याकडच्या एका आजारी मुलाला पाठीवर घेऊन आपल्या मुलाच्या, डॉ. यशवंतांच्या, दवाखान्यात आल्या. त्यांनाच प्लेगने गाठले आणि १० मार्च १८९७ रोजी त्या गेल्या.

खेड्यांनी तेव्हा आपला मार्ग काढला होता. घरात उंदीर मरून पडला, की गाव उठून रानात जाई. शेतात खोपटी घालून लोक महिना-दोन महिने राहत. पिसवांचे शास्त्र त्यांना ठाऊक नव्हते, पण उंदराच्या घरापासून दूर जाणे हाच खरा उपाय होता.

गुरांच्या वाटेने बुळकांडी

आता गोठ्याकडे वळू. आजच्या तरुण मुलांना बुळकांडी हा शब्दच ठाऊक नसेल. पण एके काळी तो ऐकला की शेतकऱ्याच्या पोटात गोळा येई. जनावराला ताप, तोंडात फोड, डोळ्यांतून पाणी, मग पातळ हगवण, आणि आठवडा-दीड आठवड्यात दावण रिकामी. फौजांच्या आणि व्यापाऱ्यांच्या गुरांबरोबर हा रोग आशिया-युरोपात शतकानुशतके फिरला. त्याच्या धास्तीनेच फ्रान्समधल्या लियाँ शहरात १७६१ साली गुरांच्या डॉक्टरांची शाळा स्थापन झाली. जगातली तशी ती पहिली.

१८८७ च्या सुमारास हा रोग आफ्रिकेत, आताच्या एरिट्रियाच्या किनाऱ्यावर उतरला. इटालियन फौजेसाठी आणलेल्या जनावरांबरोबर तो गेला, आणि ती जनावरे हिंदुस्थानातली असावीत, असे इतिहासकार मानतात. तिथल्या गुरांना तो नवा होता. दहा वर्षांत तो पार दक्षिण टोकापर्यंत पोचला. कित्येक भागांत दहांतली आठ-नऊ गुरे मेली. नांगराला बैल नाही, पोरांना दूध नाही. इथिओपियात दुष्काळही पडला होता, तिथे माणसांचे अतोनात हाल झाले. एका बोटीतली गुरे कोणी नीट तपासली नाहीत, त्याची ही किंमत.

या रोगाचा शेवट मात्र अभिमानाने सांगावा असा आहे, आणि त्यात पुण्याचे नाव आहे. गुरांच्या रोगांवर संशोधन करणारी सरकारी प्रयोगशाळा १८८९ साली पुण्यात सुरू झाली. १८९३ मध्ये ती हिमालयात मुक्तेश्वरला हलवली, कारण अशा रोगांचा अभ्यास गावांपासून दूर एकांतातच करावा लागतो. आजची बरेलीजवळची भारतीय पशुवैद्यक संशोधन संस्था म्हणजे तीच. १९२० नंतरच्या काळात मुक्तेश्वरला एडवर्ड्स या शास्त्रज्ञाने शेळीच्या शरीरातून वाढवलेली लस तयार केली. १९५४ पासून देशभर बुळकांडी निर्मूलनाची मोहीम सुरू झाली. लस टोचणारे कर्मचारी वाड्यावस्त्यांवर पायी फिरले, आणि शेतकऱ्यांनी जनावरे पुढे केली. भारतात १९९५ नंतर बुळकांडी दिसली नाही. २०११ साली ती जगातूनच गेल्याचे जाहीर झाले. देवीनंतर माणसाने समूळ घालवलेला हा दुसरा रोग.

पिकांतले न बोलावलेले पाहुणे

गाजर गवताला कोणी निमंत्रण दिले होते? १९५५ च्या सुमारास ते पुण्यात प्रथम नजरेस आले. परदेशी धान्यातून त्याचे बी आले असे मानतात. आज देशात त्याच्यापासून सुटलेला माळ शोधावा लागेल. एका झाडाला हजारो बिया येतात. त्याने अंगाला खाज सुटते, कोणाला दमा होतो. त्याच्या मूळ मुलखातला मेक्सिकन भुंगा १९८४ मध्ये आपल्याकडे मुद्दाम आणून सोडला. तो ही पाने खातो, पण गवताचा वेग त्याच्याहून जास्त. घाणेरी तर १८०९ च्या सुमारास कलकत्त्याच्या बागेत शोभेसाठी आणली होती. आता ती डोंगरच्या डोंगर व्यापून बसली आहे.

मक्यावरची अमेरिकन लष्करी अळी २०१६ मध्ये आफ्रिकेत पोचली, २०१८ मध्ये कर्नाटकात दिसली आणि त्याच वर्षी महाराष्ट्रात. मका अमेरिकेतून आला त्याला चारेकशे वर्षे झाली. त्याची वैरीण मागून आली. गुरांचा लम्पी रोग १९२९ साली आफ्रिकेत प्रथम नोंदला गेला. भारतात तो २०१९ मध्ये आला. २०२२ साली त्याने महाराष्ट्रातले गुरांचे बाजार बंद पाडले, हे तुम्ही डोळ्यांनी पाहिले आहे. पूर्वी रोगाला समुद्र ओलांडायला वर्षे लागत. आता आठवडा पुरतो.

औषधही त्याच वाटेने

मग काय वाटा बंद कराव्यात? तसे केले असते तर मिरची आली नसती आणि लसही आली नसती. देवीची लस इंग्लंडात जेन्नरने शोधली आणि १७९८ साली जाहीर केली. ती हिंदुस्थानात कशी आणावी? बर्फाची पेटी नव्हती. उष्म्याने लस वाटेतच वाया जाई. शेवटी व्हिएन्नाहून कॉन्स्टँटिनोपल, तिथून बगदाद आणि बसरा, अशी ती माणसाच्या एका दंडावरून दुसऱ्या दंडावर टोचत आणली. बसऱ्याहून ती जहाजाने मुंबईला आली. १४ जून १८०२ रोजी ॲना डस्टहॉल नावाच्या तीन वर्षांच्या मुलीला ती लागू पडली. त्या पोरीच्या दंडावरून ती मुंबईत पसरली आणि मग देशभर गेली. शेकडो वर्षे मसाले, मोती आणि रोगराई ज्या वाटेने गेली, त्याच वाटेने हे जीवदान आले. भारतात देवीचे शेवटचे रोगी १९७५ मध्ये सापडले. १९८० साली देवी जगातून गेल्याचे जाहीर झाले.

आपल्या वेशीवर कोण?

बंदरावर, विमानतळावर सरकारी तपासणी असते. परदेशातून बी, रोपे, कलमे परवान्याशिवाय आणायला कायद्याने मनाई आहे. या तऱ्हेचा पहिला कायदा १९१४ सालचा आहे. परगावी नोकरीला गेलेला मुलगा पिशवीतून एखादे कलम कौतुकाने आणतो, तेव्हा त्याला हे समजावून सांगा. पण शेवटची वेस ही आपल्या बांधाची आणि गोठ्याची. तिथे सरकार उभे राहू शकत नाही.

म्हणून चार गोष्टी घरात ठरवून टाका. बाजारातून नवे जनावर आणले तर ते पहिल्या दिवशीच दावणीला बांधू नका. तीन-चार आठवडे वेगळे ठेवा, त्याची पाण्याची बादली आणि वैरण वेगळी ठेवा, आणि धारा काढताना त्याचा नंबर शेवटी लावा. लसी वेळेवर टोचून घ्या. बियाणे पावतीचे घ्या, रोपे घेताना मुळे आणि पानांची मागची बाजू पाहा. दुसऱ्या शिवारातून मळणी यंत्र आले तर ते आधी झाडून घ्या. तणाचे बी त्यातूनच फिरते. गाजर गवत फुलावर येण्याआधी, हातांत काही घालून उपटा, आणि हे काम एकट्याने न करता गावाने मिळून करा. कारण वाऱ्याला बांध ठाऊक नसतो. आणि अनोळखी कीड किंवा रोग दिसला तर लपवू नका. कृषी खात्याच्या माणसाला, जनावरांच्या डॉक्टरला त्याच दिवशी कळवा. लपवलेला रोग चार दिवसांत शेजाऱ्याच्या गोठ्यात जातो आणि महिन्याभराने वळून आपल्याच दारात येतो.

परक्याला दार लावणे हा आपला स्वभाव नाही. तसे असते तर ज्वारी बाहेर राहिली असती आणि भुईमूगही. पण पाहुण्याला ओसरीवर बसवून आधी विचारपूस करायची, पायांवर पाणी घ्यायला लावायचे आणि मग घरात घ्यायचे, ही रीत आपल्या आजीने घालून दिलेली आहे. बियाण्याला, रोपाला आणि जनावराला तेवढीच रीत लावा. वाटा चालूच राहणार आहेत, आणि त्या चालू राहिल्या पाहिजेत. ओसरीवर मात्र कोणीतरी जागे असावे.